टेबलावरचा चिखल

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात. काळ्यापांढऱ्या रंगाचा फरक सोडला, तर ही सगळी घरे सारखीच असतात. उंटाला कोठे चढ लागत नाही, हत्तीला नदी आडवी येत नाही. ज्या चतुरंगातून आजचे बुद्धिबळ निघाले, त्या आपल्या जुन्या खेळात सैन्याची चार अंगे होती : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यातला रथही पटावर कधी रुतत नसे. महाभारतात मात्र कर्णाच्या रथाचे चाक ऐन युद्धात जमिनीत रुतते आणि तेथेच निकाल ठरतो. सैन्य जमिनीवरून चालते आणि जमीन सगळीकडे सारखी नसते, ही गोष्ट महाभारतकारांना पुरती ठाऊक होती. खेळ रचणाऱ्याने ती सोडून दिली होती.

सोडलेली ही जमीन पुढे युरोपात खेळात परत आणली गेली. तेथे आणि अमेरिकेत आज ‘मिनिएचर वॉरगेम’ नावाचा एक छंद आहे. टेबलावर टेकड्या, झाडी, नद्या मांडायच्या, त्यांवर बोटभर उंचीचे शिपाई आणि काड्यापेटीएवढे रणगाडे ठेवायचे आणि टेप व फासे घेऊन जुन्या लढाया खेळायच्या. टेबलावर खरा चिखल नसतो, असते ती हिरव्या कापडाची चकती. त्या चकतीवरून रणगाडा किती सरकेल हे नियमाने ठरते. अशा नियमात जमिनीचे भौतिकशास्त्र एका आकड्यात बसवलेले असते. हा आकडा कोठून आला आणि तो कितपत खरा आहे, हे या लेखात आपण पाहणार आहोत. विज्ञानात आपण ज्याला मॉडेल म्हणतो, त्याचे गुण आणि दोष समजावून सांगायला इतके सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

रंगीत घरे

या गोष्टीची सुरुवात एका शिक्षकापासून होते. योहान क्रिस्टियान लुडविग हेलविग हे जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे गणित शिकवीत आणि कीटकांचाही अभ्यास करीत. पुढे सैन्यात अधिकारी होणाऱ्या मुलांना युद्धशास्त्राची तत्त्वे खेळातून शिकवावीत, या हेतूने त्यांनी १७८० साली बुद्धिबळावर आधारलेला एक नवा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर ४९ गुणिले ३३, म्हणजे १,६१७ घरे होती. पण खरा फरक घरांच्या संख्येचा नव्हता, रंगांचा होता. काळीपांढरी घरे म्हणजे मोकळी जमीन, हिरवी म्हणजे दलदल, निळी म्हणजे पाणी, तांबडी म्हणजे डोंगर. पाणी ओलांडायचे तर पूल बांधावा लागे.

म्हणजे घराला आता स्वतःचा गुणधर्म मिळाला. सोंगटी किती चालेल हे सोंगटीच्या जातीवर अवलंबून होतेच, ते ती कोठे उभी आहे यावरही अवलंबून राहू लागले. मात्र एका घरात एकच प्रकारची जमीन. अर्धी टेकडी, पावसाळ्यापुरती दलदल, उतरता येईल असा ओढा यांना या पटावर जागा नव्हती.

चौकोनी घरांची आणखी एक अडचण आहे. चौकोनाच्या बाजूने शेजारच्या घरात गेलो तर अंतर १, पण कोपऱ्यातून तिरके गेलो तर पायथागोरसच्या सिद्धांतानुसार २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१. तिरकी चाल एकच घर धरली, तर तिरके जाणाऱ्याला ४१ टक्के अंतर फुकट मिळते. यावरचा उपाय बऱ्याच काळानंतर सर्वत्र पसरला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत षटकोनी घरांचे पट वापरात होते, आणि १९६१ पासून चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने ते विक्रीच्या खेळांत आणले. षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांची केंद्रे सारख्याच अंतरावर असतात. छोट्या प्रतिकृतींनी खेळणाऱ्यांनी घरेच काढून टाकली आणि हातात टेप घेतली.

नकाशावरचा उतार

टेप लावून खेळण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी, प्रशियातील राइसवित्झ पितापुत्रांची. बाप गेओर्ग लेओपोल्ड यांनी प्रथम ओल्या वाळूत टेकड्या उभारून खेळ मांडला. १८१२ साली राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला त्यांनी एक टेबलच भेट दिले. त्यात हव्या तशा जुळवता येणाऱ्या, उंचसखल, रंगवलेल्या फरशा होत्या. मुलाने १८२४ मध्ये फरशा बाजूला ठेवून १ : ८००० प्रमाणाचे खरे स्थलदर्शक नकाशे घेतले. खेळाची एक पाळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. माणूस मिनिटाला साधारण ७५ मीटर चालतो असे धरले, तर दोन मिनिटांत १५० मीटर, म्हणजे नकाशावर १.९ सेंटिमीटर. अंतर, वेळ आणि वेग यांचे शाळेत शिकवतो तेच गणित येथे युद्धखेळाचा पाया झाले.

हे शक्य झाले ते नकाशे बदलल्यामुळे. सॅक्सनीचे योहान गेओर्ग लेमान यांनी १७९९ मध्ये उतार दाखवण्याची एक पद्धत मांडली होती : सपाट जमीन पांढरी, आणि उतार जितका तीव्र तितक्या रेघा जाड, ४५ अंशांना सगळे काळे. त्यामुळे नकाशा पाहून उतार अंशांत सांगता येऊ लागला. किती अंशांच्या उतारावर तोफा चढतील आणि किती अंशांनंतर फक्त पायदळ जाईल, असे नियम त्यानंतरच लिहिता आले. मोजमापाच्या आधी नियम येत नाही, हे येथे स्वच्छ दिसते.

पण मोजमाप वाढले तशी कोष्टकेही वाढली. खेळापेक्षा पाने उलटण्यातच वेळ जाऊ लागला. १८७६ साली युलियस फॉन व्हर्डी दु व्हेर्न्वा यांनी उलटे टोक गाठले : कोष्टके दूर ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निर्णय. हा वाद आजही मिटलेला नाही. तपशील वाढवला की खेळ चालत नाही, कमी केला की खोटा वाटतो.

वेल्स आणि लोखंडी गाड्या

इंग्लंडमध्ये हा खेळ घरोघरी नेला तो विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी. १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट, इतके सोपे नियम आहेत. टेकड्या फळ्यांच्या, झाडे डहाळ्यांची, घरे पुठ्ठ्याची. मोटार किंवा रणगाडा यांचा त्यात पत्ता नाही. गंमत अशी, की याच वेल्स यांनी दहा वर्षे आधी, १९०३ मध्ये, ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही कथा लिहिली होती. तिच्यातल्या चिलखती गाड्या खंदकांवरून जातात, कारण त्यांच्या चाकांना पावलांसारखे रुंद तळवे आहेत. ब्रामा डिप्लॉक या इंग्रज संशोधकाच्या ‘पेडरेल’ चाकावरून ही कल्पना घेतली होती. वजन कमी करता येत नसेल तर ते अधिक जागेवर पसरावे, हे तत्त्व वेल्स यांना ठाऊक होते.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये फ्लेर येथे रणगाडे प्रथम लढाईत उतरले. त्या दिवसासाठी ४९ रणगाडे ठरले होते, त्यांपैकी सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले ३२. बाकीचे वाटेतच बिघडले किंवा अडकले. १९१७ च्या उन्हाळ्यात आणि शरदात, तोफगोळ्यांनी खणलेल्या आणि पावसाने भरलेल्या पाशनडेलच्या रानात ते मोठ्या संख्येने रुतले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कांब्रे येथे मात्र चुनखडीच्या कोरड्या, टणक जमिनीवर चारशेहून अधिक रणगाडे एकदम सोडले गेले आणि पहिल्या दिवशी त्यांनी मोठी मजल मारली. यंत्रे जवळपास तीच होती, बदलली होती जमीन.

रुतणे म्हणजे काय?

आता थोडे गणित करू. १९४१ च्या सुमाराचा रशियन टी-३४ रणगाडा घ्या. वजन सुमारे २६ टन, पट्ट्याची रुंदी ५५ सेंमी, जमिनीला टेकलेली लांबी सुमारे ३७० सेंमी. पट्टे दोन, म्हणून टेकलेले क्षेत्रफळ ४०,७०० चौरस सेंमी. वजनाला क्षेत्रफळाने भागले की दाब येतो दर चौरस सेंमीला सुमारे ०.६४ किलोग्रॅम. त्याच काळातील जर्मन पँझर-४ चे वजन सुमारे २२ टन, म्हणजे कमीच. पण पट्टा ४० सेंमी रुंद आणि टेकलेली लांबी सुमारे ३५२ सेंमी. दाब येतो ०.७८. हलका रणगाडा जमिनीला जास्त टोचतो! आणि साठ किलो वजनाचा माणूस चालताना एका पावलावर, म्हणजे सुमारे १५० चौरस सेंमीवर उभा राहतो तेव्हा दाब ०.४ भरतो. सव्वीस टनांचे धूड आणि माणूस यांच्या दाबांत दुपटीचाही फरक नाही. १९४१ च्या शरदातल्या रशियन चिखलाने आणि पुढच्या बर्फाने हा फरक जर्मनांना शिकवला. पुढे त्यांनी पट्ट्यांना रुंदी वाढवणारे जोड लावले.

दाबावरून रणगाडा किती खोल जाईल याचा अंदाज येतो. पण पुढे सरकण्यासाठी जमिनीला मागे ढकलावे लागते आणि तो ढकल जमिनीने सोसला पाहिजे. येथे फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांचा नियम कामी येतो. विजेच्या अभ्यासामुळे आपल्याला माहीत असलेले हेच कुलोम. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की मातीची घसरण्याला विरोध करण्याची ताकद दोन भागांची असते : एक कणांच्या आपसातील चिकटपणाची आणि दुसरी घर्षणाची. घर्षण वरच्या भाराबरोबर वाढते, चिकटपणा वाढत नाही.

याचा परिणाम मोठा मजेदार आहे. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळपास नसतो. तेथे गाडी जड असली तर पकडही त्या प्रमाणात वाढते. ओल्या चिकणमातीत घर्षण नगण्य असते. तेथे वजन वाढवून पकड वाढत नाही, गाडी फक्त अधिक खोल जाते. उपयोग होतो तो क्षेत्रफळाचा. म्हणजे ‘अवघड जमीन’ असा एकच प्रकार निसर्गात नाही. वाळू आणि चिखल या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालेलच असे नाही.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते पोलंडमध्ये वाढलेल्या आणि पुढे कॅनडा व अमेरिकेत काम केलेल्या मेचिस्वाव्ह बेक्कर यांनी. त्यांचे ‘थिअरी ऑफ लँड लोकोमोशन’ हे पुस्तक १९५६ चे. १९७१ मध्ये अपोलो-१५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीची तारांच्या जाळीची चाके याच अभ्यासातून निघाली. दुसरीकडे अमेरिकेतच मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे सैन्याच्या अभियंत्यांनी अधिक सोपा मार्ग धरला होता : एक टोकदार शंकू जमिनीत दाबायचा, लागलेला जोर मोजायचा, आणि कोणत्या गाडीला निदान किती जोराची जमीन हवी ते प्रयोगाने ठरवायचे. जमीन त्या आकड्याच्या वर असेल तर गाडी जाते, खाली असेल तर रुतते.

अर्धा वेग की फासा?

आता टेबलाकडे परत येऊ. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने छोट्या प्रतिकृतींचा छंद इंग्लंडमध्ये पसरवला. त्यात प्राचीन लढायांपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचे नियम होते. पुढे अमेरिकेत १९७१ मध्ये ‘ट्रॅक्टिक्स’ हा खास रणगाड्यांचा नियमसंच आला. असे अनेक संच निघाले, आणि जमिनीचा नियम बहुधा दोनपैकी एका प्रकारचा असे.

पहिला प्रकार : झाडी किंवा दलदल असेल तर अर्धा वेग. सोपा, लक्षात राहणारा. पण व्हिक्सबर्गच्या प्रयोगांशी तो ताडून पाहा. जमीन मजबूत असेल तर गाडी जवळपास नेहमीच्या वेगाने जाते आणि कच्ची असेल तर रुतून बसते. ‘प्रत्येक गाडी अर्ध्या वेगाने’ ही स्थिती प्रत्यक्षात क्वचितच येते. पार झालेल्या आणि रुतलेल्या गाड्यांची ती सरासरी आहे.

दुसरा प्रकार फाशाचा. दलदलीत शिरताना प्रत्येक रणगाड्यासाठी फासा टाकायचा. एक पडला तर रुतला, नाहीतर पार. २००२ मध्ये न्यूझीलंडमध्ये निघालेल्या ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ या खेळाच्या २०१७ च्या आवृत्तीत प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा आकडा दिला आहे. अडथळा ओलांडायचा तर फाशावर तो किंवा त्याहून मोठा आकडा पडला पाहिजे. शिवाय रस्ता, मोकळे रान आणि खडबडीत जमीन यांसाठी वेग वेगवेगळे. रुंद पट्ट्याचे भौतिकशास्त्र असे एका आकड्यात उतरते.

दोन नियमांतला फरक आकड्यांत पाहू. पाच रणगाडे आहेत आणि दलदलीत प्रत्येकासाठी एकदा फासा पडणार आहे. एक रणगाडा पार होण्याची संभाव्यता ५/६. पाचही पार होण्याची ५/६ चा पाचवा घात, म्हणजे ०.४०. याचा अर्थ, दहापैकी सहा वेळा निदान एक रणगाडा मागे राहतो. सरासरीने पाहिले तर पाचांत एकही पुरता रुतत नाही, फक्त ५/६ रणगाडा रुततो! अर्ध्या वेगाचा नियम खेळणारा सेनापती शिकतो की सगळे पोचतील, फक्त उशिरा. फाशाचा नियम खेळणारा शिकतो की बहुतेक वेळेवर पोचतील, पण सगळे पोचतील असे धरून चालू नये. प्रत्यक्षात दुसरा धडा जास्त उपयोगी आहे. त्यातही रुतलेला रणगाडा अरुंद वाटेवर असेल तर त्याच्या मागचे सगळेच थांबतात, आणि हे दोन्ही नियमांत येत नाही.

तांबडे घर चुकते तेव्हा

नियम चुकला तर बिघडले कोठे, खेळच तर आहे, असे कोणी म्हणेल. पण सैन्ये याच नियमांच्या वंशातले खेळ नकाशावर खेळून निर्णय घेत. बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधील आर्देनचे डोंगरी जंगल रणगाड्यांना अडवील असा फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचा भरवसा होता. हेलविगच्या भाषेत ते तांबडे घर होते. १९३८ मध्ये फ्रेंच जनरल प्रेतला यांनी नकाशावर याचा सराव केला. उत्तर आले : जर्मन सैन्य साठ तासांत म्यूज नदीवर पोचेल. हे उत्तर बाजूला ठेवले गेले. जर्मनांकडेही एकमत नव्हते. फेब्रुवारी १९४० मधील युद्धखेळात रणगाड्यांचे सेनानी गुडेरियन यांनी पाचव्या दिवशी नदी ओलांडण्याचा प्रस्ताव मांडला. सेनाप्रमुख हाल्डर यांच्या मते नवव्या-दहाव्या दिवसाआधी ते शक्य नव्हते. प्रत्यक्षात १० मे १९४० च्या पहाटे निघालेले रणगाडे १२ मे च्या संध्याकाळी नदीवर होते आणि १३ मे ला सैन्य पार झाले.

आर्देन जंगल होते हे खरे, पण त्यात रस्ते होते. रणगाड्यांना झाडांनी अडवले नाही. अडवले ते त्यांच्याच गर्दीने. सुमारे ४१,००० वाहने चार रस्त्यांवर लोटली होती आणि रांगा मागे थेट ऱ्हाइन नदीपर्यंत तुंबल्या होत्या. म्हणजे ‘जंगल : प्रवेश नाही’ हा नियम चूक होता, आणि महत्त्वाचा नियम, एका रस्त्यावरून तासाला किती गाड्या जातील हा, पुष्कळांच्या हिशेबात नव्हता.

१९७० च्या दशकात नाटो राष्ट्रांनी संगणकावर चालणारे एक मॉडेल तयार केले. त्यात प्रदेशाचे तुकडे पाडून प्रत्येकाची माती, उतार, झाडी आणि अडथळे नोंदवतात. गाडीची माहिती दिली की प्रत्येक तुकड्यावर तिचा सर्वाधिक वेग मिळतो, किंवा ‘जाता येणार नाही’ हे उत्तर. पाहिले तर ही हेलविगचीच रंगीत घरे आहेत, फक्त रंग मोजमापाने भरलेले. २०१० नंतर या मॉडेलच्या नव्या रूपावर काम झाले, तेव्हा मातीच्या मोजमापातील अनिश्चितता धरून उत्तर संभाव्यतेत देण्यावर भर दिला गेला. फासा असा संगणकातही आला.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय नववी-दहावीच्या मुलांना एका तासात हाताळता येईल. दोन पसरट घमेली घ्या, एकात कोरडी वाळू, दुसऱ्यात कालवलेली चिकणमाती. एक वीट आधी आडवी, मग उभी ठेवून ती किती खोल जाते ते पट्टीने मोजा आणि दाब काढा. नंतर एका लहान फळीच्या खाली आडव्या काठ्या ठोका, वर वीट ठेवा आणि तानकाट्याने ओढा. फळी सरकताना तानकाट्याचे वाचन लिहा. आता वर दुसरी वीट ठेवून पुन्हा ओढा. वाळूत वाचन बरेच वाढेल, चिकणमातीत वाढ त्या मानाने कमी दिसेल. पाणी थोडे थोडे वाढवून हेच पुन्हा करा.

त्यानंतर मुलांच्या गटांना सांगा, की या मोजमापांवरून खेळासाठी जमिनीचे तीनच नियम लिहा, प्रत्येक नियम एका ओळीचा. एका गटाचे नियम दुसऱ्या गटाला देऊन खेळायला लावा. शेवटी प्रत्येक गटाने आपण नियमांतून काय काय गाळले याची यादी फळ्यावर लिहावी. आमच्या मते या तासाचे गुण द्यायचे झाले तर ते या यादीला द्यावेत.